परत सांग

टेमघर, भिवंडी
२५ ऑक्टोबर २००६

दिपाली बाय,

तू आणि भाविकराव दोघं नीट असाल असं धरून लिहायला बसलो आहे. हाताला लिहायची सवय राहिली नाही. शाळा सुटल्यापासून मी फक्त कापडाच्या ताग्यांवर नंबर लिहिले, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

काल भाऊबीज झाली. प्रितम सकाळपासून नवा शर्ट घालून ओटीवर बसला होता. तू येणार नाहीस हे त्याला माहीत होतं, तरी बसला होता. दुपारी आक्का पडघ्याहून आली. तिने मला ओवाळलं आणि तेच ताट घेऊन प्रितमसमोर बसली. "आत्या, मी भाचा हाय," तो म्हणाला. "मंग? भाच्याच्या खिशात हात जात न्हाय काय ओवाळणी द्यायला?" आक्का म्हणाली. सगळे हसले. तुझी आई मात्र चुलीकडे तोंड करून होती.

तू फोन करतेस तो आईला. मी हात पुढे केला की आई सांगते, "ठेवला तिना." चार-पाच वेळा असं झालं. एकदा झालं तर घाई असेल, दुसऱ्यांदा झालं तर लाईन गेली असेल. त्यापुढे माणसाने समजून घ्यायला हवं. तू माझ्याशी बोलत नाहीस. का, ते मला कळत नाही, म्हणून हे पत्र.

श्रावणात तुझं बाळ गेलं. सहावा महिना लागला होता. आईने त्याच दिवशी बडोद्याची गाडी पकडली. मीही पिशवी भरली होती, पण तू तिला सांगितलंस, बाबांना आणू नकोस. मला वाटलं, अशा वेळी बाईला बाई लागते, पुरुषाने मध्ये येऊ नये. पिशवी रिकामी करून ठेवली. गणपतीला तू आली नाहीस, ते आम्ही तब्येतीवर ढकललं. आता दिवाळीही गेली.

माझ्याकडून काय झालं, हे मी खूप आठवून पाहिलं. बाळ गेलं त्या दिवशी दुपारी तुझा फोन कारखान्यावर आला होता, एवढं आठवतं. लूम चालू होते, मी फोन घेऊन रस्त्यावर आलो. आपण नेहमीसारखं दोन शब्द बोललो. जेवून घे म्हणालो. त्यात वावगं काही नव्हतं. संध्याकाळी आक्का घरी आली तेव्हा कळलं की बाळ गेलं. तुझी आई त्या दिवशी तिच्याकडेच होती. म्हणजे माझ्याशी बोलून झाल्यावर पुढे तुला त्रास सुरू झाला असणार.

देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला कळत नाही. त्याने दिलं, त्याने नेलं. तो करतो ते भल्यासाठीच, असं मी स्वतःला सांगतो, तूही सांग. मनाला धीर येतो.

रागावली असशील तर दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझा,
बाबा


टेमघर
१६ जानेवारी २००७

दिपाली,

आईने तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत. डबा प्रितमने बांधला आहे, तेव्हा उघडायला सुरी घे.

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली, पण त्याबद्दल आज काही लिहीत नाही. एक बातमी आहे.

लूम विकले. आठही. नारपोलीच्या आपल्या कारखान्यात आता नुसत्या भिंती आहेत आणि जमिनीवर तेलाचे आठ काळे डाग. तुला माहीत आहे, गेली दोन वर्षं दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. कारीगर बाहेर बाकड्यावर बसून राहायचे आणि वीज आली की पळत आत यायचे. असं कापड निघत नाही. प्रितम म्हणाला, "बाबा, हाय तोवर विका, मंग कोणी न्हाय घेणार." घेणारा भंगारवालाच निघाला. गॅसचा कटर घेऊन आला आणि दोन दिवसांत तीस वर्षं कापून टेम्पोत भरली.

समीउल्ला शेवटपर्यंत थांबला. तू लहानपणी डबा घेऊन यायचीस तेव्हा तुला सुताच्या कांड्यांच्या टोपलीत बसवायचा, तोच. त्याने प्रत्येक लूमला हात लावला आणि मग मला म्हणाला, "सेठ, अब कान को आराम मिलेगा. तीस साल से बेचारे ड्युटी पे हैं." मी हसलो. तो बोलला ते मी त्याच्या ओठांवर वाचलं. कारखान्यात सगळे तसंच बोलतात, तुला ठाऊक आहे. आवाजाचा तिथे उपयोग नसतो, ओठ आणि हात पुरतात. तो आता गावी गेला, आझमगडकडे. परत येईन म्हणाला. येणार नाही.

आता मी घरी असतो. पहिले दिवस फार विचित्र गेले. इतकी शांतता मला माहीतच नव्हती. तुझी आई हल्ली फार हळू बोलते. तोंडातल्या तोंडात. मी दोनदा सांगितलं तिला, तर रागावते. प्रितमही तसाच. आजकालच्या पोरांना शब्द पूर्ण करायचा कंटाळा. टीव्ही मोठा केला की दोघं कानावर हात ठेवतात. मग मी ओटीवर जाऊन बसतो.

मंदिरातलंही एक सांगायचं आहे, पण आईला सांगू नकोस. नामाबुवांनी मला मृदंगावरून उठवलं. वीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला बसून वाजवतो. त्या दिवशी हरिपाठ संपल्यावर जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "केसरीनाथ, आता पोरांना पुढं येऊ दे. तू टाळ घे." मी बरं म्हणालो. पोरं म्हणजे कोण, तर काळूराम, चाळीस वर्षांचा बाप्या. त्याला ठेका नीट धरता येत नाही. पण देवाच्या दारात मानपान करू नये. जे होतं ते त्याच्या इच्छेने होतं. मी टाळ घेतले.

तू कशी आहेस, एवढं तरी आईला सांग, म्हणजे ती मला सांगेल.

बाबा


टेमघर
२१ मार्च २००७

दिपाली,

काल तुझ्या आईने मला सांगितलं.

कसं सांगितलं ते आधी लिहितो, नाहीतर तुला वाटेल मी काहीतरी सबब तयार केली.

पाडव्याची गुढी उभी करून मी दारात बसलो होतो. शेजारची गोदूबाई आली. पायरीशी उभी राहून बोलायला लागली. पदर तोंडावर घेतला होता तिने, म्हणून ओठ दिसत नव्हते. पाडव्याच्या दिवशी माणूस दारात येऊन काय सांगणार? कडुनिंब खाल्ला का, गुढी किती उंच, असलंच काही. मी हात जोडले आणि म्हणालो, "बरं झालं, बरं झालं. देवाने चांगलंच केलं."

ती मागे सरली. मग पदर काढला आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की ते मला पुरतं ऐकू आलं. "माजी म्हैस मेली आणि बरं झालं? तुजी म्हैस मरू दे केसरीनाथ, मंग मी येतंय तुज्या दारात पेढं वाटायला! टाळ वाजवतंय देवळात, आणि मनात हे!" सगळी आळी बाहेर आली. गाभण म्हैस होती ती, दिपाली. तिच्या घरचं सगळं त्या म्हशीवर होतं.

तुझ्या आईने मला हाताला धरून आत नेलं आणि कॉटवर बसवलं. मला वाटलं आता ओरडेल. ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मी भिंतीकडे पाहत बसलो. मग ती समोर आली तेव्हा रडत होती.

"तीनदा हाक मारली," ती म्हणाली. "नावानं हाक मारली तुमाना. लग्नात नाव घेतलं त्याच्यानंतर आज मारली. तुमाना आयकायला येत न्हाय."

"येतं. थोडं कमी येतं. लूममुळं."

"लूम कुठं हायेत आता?"



मग ती खाली बसली आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून, तिने श्रावणातली ती दुपार सांगितली. तू दवाखान्यातून पहिला फोन मला केलास. आईला नाही, नवऱ्याच्या घरच्यांना नाही. मला म्हणालीस की बाबा, बाळ गेलं. आणि मी म्हणालो, "बरं झालं. देवाने चांगलंच केलं. आता जेवून घे."

आई म्हणाली, तूच तिला शपथ घातली होतीस की बाबांना यातलं काही बोलायचं नाही. तिला वाटलं होतं, मी ते खरंच म्हणालो असेन. "तुमी देवाचंच सांगता ना सगळ्यांना," ती म्हणाली. "मना वाटलं, पोरीला समजावायला गेले आणि तोंडातून वाईट निघालं. विचारणार काय आणि कशी?"

दिपाली, मला त्या दिवशी काहीही ऐकू आलं नव्हतं. कुणीतरी बोलतं आहे एवढं कळलं. तुझा आवाज आहे हे कळलं, कारण नाव फोनवर दिसलं होतं. फोनवर ओठ दिसत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी फोनवर असाच बोलतो. समोरचा थांबला की बरं म्हणतो, पुन्हा थांबला की देवाची कृपा म्हणतो, आणि ठेवताना जेवून घे म्हणतो. बहुतेक वेळा ते बसतं. लोक फोनवर बहुतेक वेळा खुशालीच सांगत असतात.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. बहिऱ्या माणसाला लोक हसतात, हे मी लहानपणी गावात पाहिलं आहे आणि मीही हसलो आहे.

काल रात्री जेवण गेलं नाही, पण त्याचं कारण कान नव्हेत. कान गेले ते गेले. मला लागलं ते हे की तुला ते खरं वाटलं. माझ्या पोटची मुलगी, पाच वर्षांची असल्यापासून माझ्या मांडीवर बसून हरिपाठ म्हणणारी, तिला वाटलं की तिचं बाळ गेल्यावर तिचा बाप असं म्हणू शकतो. आणि तुझं चुकलं नाही. मी जन्मभर सगळ्यांना तेच म्हणत आलो. कुणाचं घर जळलं, देवाची इच्छा. कुणाचा मुलगा गेला, देवाने सोडवलं. ऐकू येत होतं तेव्हाही मी असाच बोलायचो. पहिल्या पत्रातही मी तुला तेच लिहिलं आहे. ते पत्र फाडून टाक.

बाबा


टेमघर
६ जून २००७

दिपाली,

अधिक महिन्याचं वाण घेऊन प्रितम तुमच्याकडे येऊन गेला. तेहतीस अनारसे मोजून दिले होते. वाटेत त्याने दोन खाल्ले असतील तर जावईबापूंनी माफ करावं, मी त्याला ओळखतो.

त्याने परत येऊन सांगितलं की तू माझी पत्रं वाचतेस. भाविकराव त्याला म्हणाले, "दिपाली दोनदा वाचते आणि मग स्वयंपाकघरात जाते. मला दाखवत नाही." आणि तुझा निरोपही त्याने दिला. तू म्हणालीस, "बाबांना सांग, माझा राग गेला. त्यांना ऐकू आलं नव्हतं, हे कळलं. पण मी एकदा सांगितलं आहे. परत मला सांगता येणार नाही."

प्रितम ते सांगताना माझ्यासमोर उभा होता आणि मी प्रत्येक शब्द नीट ऐकला. कारण माझ्या कानात आता मशीन आहे.

कल्याणला डॉक्टरकडे गेलो. आईने नेलं, मी गेलो असं म्हणणं खोटं होईल. एका काचेच्या खोलीत बसवतात आणि कानावर दोन वाट्या लावतात. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर एक पोरगी बटणं दाबत होती. मी बोट वर करत राहिलो. नंतर तिने मला बाहेर बोलावलं आणि म्हणाली, "काका, मी बटण दाबलं नव्हतं तेव्हाही तुम्ही बोट वर करत होता." तुझी आई हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. पोरगी घाबरली. मला लाज वाटली, पण त्या पोरीने ओळखलं याचं बरंही वाटलं. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा खरं बोट वर केलं. फार थोड्या वेळा करावं लागलं.

मशीन लावलं तेव्हा पहिला आवाज आला तो तुझ्या आईच्या बांगड्यांचा. मी तिला म्हणालो, एवढ्या वाजतात? ती म्हणाली, "लग्नापासून वाजतात." बाहेर आलो तर रिक्षांनी डोकं फोडलं. मशीन सगळंच मोठं करतं, त्याला माणूस आणि रिक्षा यातला फरक कळत नाही. पहिला आठवडा मी ते काढून खिशात ठेवायचो आणि आई ते काढून परत कानात घालायची.

मंदिरात गेलो. नामाबुवांना म्हणालो, एकदा मृदंग वाजवून पाहतो. त्यांनी काळूरामला उठवलं. मी दोन अभंग वाजवले, दिपाली, आणि स्वतःच थांबलो. हात वेगळे चालले होते आणि गाणं वेगळं. इतकी वर्षं मी हातांच्या आठवणीवर वाजवत होतो आणि मंडळी माझ्या मागे-पुढे होऊन सांभाळून घेत होती. नामाबुवा म्हणाले, "दोन वरीस झाली. तुला सांगायला धीर होत नव्हता." काळूराम खाली पाहत होता. त्याच्याबद्दल मी तुला काय लिहिलं होतं, ते मला आठवलं.

मी मृदंग त्याच्यासमोर सरकवला.

गोदूबाईकडेही जाऊन आलो. कान दाखवला. ती मशीन बघत राहिली आणि म्हणाली, "हे आदी लावलं असतं तर माज्या शिव्या वाचल्या असत्या." मग म्हणाली, बस. मी बसलो. तिने म्हशीचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, ती आजारी कशी पडली, डॉक्टर कसा उशिरा आला, रात्रभर ती तिच्या अंगावर हात ठेवून कशी बसली होती. मला वाटलं होतं दोन शब्दांत होईल. चहा झाला, परत चहा झाला. मी काहीही बोललो नाही. जे बोलायची सवय होती ते आता बोलवत नव्हतं आणि दुसरं काही येत नव्हतं. उठताना ती म्हणाली, "केसरीनाथ, बरं वाटलं."

तुझा निरोप मी ऐकला. परत सांगू नकोस. मी विचारणार नाही.

बाबा


टेमघर
११ नोव्हेंबर २००७

दिपाली बाय,

परत भाऊबीज आली. आक्काने परत ताट घेऊन दोघांना ओवाळलं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याला वर्ष झालं, म्हणून आज मागे पाहत बसलो.

लूम गेले. त्या जागेवर प्रितम गोदाम बांधतो आहे, भाड्याने देईल. मृदंग गेला. कान गेले आणि उधारीचे आले. एवढं एका वर्षात. मी पन्नाशीला आलो. या वयात माणूस बदलत नाही असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मला बदलायची इच्छाही नव्हती. तू बोलायची थांबली नसतीस तर मी आजही फोनवर बरं बरं म्हणत असतो.

देवळात रोज जातो. टाळ वाजवतो, नामाबुवांच्या समोर बसून, म्हणजे ओठ दिसतात. पण देवाशी माझं थोडं अडलं आहे, ते तुला लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला लिहिण्यासारखं नाही. पूर्वी मी हात जोडले की शब्द आपोआप यायचे. तूच कर्ता, तुझीच इच्छा. आता ते म्हणायला गेलो की मला तुझा फोन आठवतो. तेच शब्द मी तुझ्या बाळावर टाकले होते. म्हणून हात जोडून नुसता उभा राहतो. काही मागत नाही, काही सांगत नाही. नामाबुवांना विचारलं, हे बरोबर आहे का? ते म्हणाले, "त्यालाही जरा शांतता लागत असंल." चेष्टेने म्हणाले, पण मी ते ठेवून घेतलं.

पुढच्या वर्षाचं काय ठरवलं, ते लिहितो. प्रितम म्हणतो त्याच्याबरोबर गोदामाचं काम बघा. ते बघेन. तुझ्या आईला तुळजापूरला जायचं आहे, लग्नापासून म्हणते आहे, तिला नेईन. बाकी एकच. ऐकू आलं नाही तर बरं म्हणायचं नाही. ऐकू आलं नाही, परत सांगा, असं म्हणायचं. हे दिसतं तेवढं सोपं नाही. मशीन असूनही अर्धं निसटतं. दुकानदार वैतागतो. लग्नात लोक तोंड फिरवतात. परवा तलाठ्याला तीनदा परत सांगा म्हणालो, तर त्याने प्रितमकडे पाहून डोक्याला हात लावला. तरी म्हणालो.

आता जे विचारणार नाही असं जूनमध्ये म्हणालो होतो, ते विचारतो. शब्द मोडतो आहे.

तू म्हणालीस तुझा राग गेला. तो गेला यावर माझा विश्वास आहे. पण तरीही तू फोनवर येत नाहीस, दारात येत नाहीस. यावर मी पाच महिने विचार केला. मला वाटतं, तू मला सगळ्यात आधी काही सांगितलंस आणि ते कुठे पोहोचलंच नाही. ते मधेच कुठेतरी पडून आहे. तुला ते उचलून परत आणवत नाही, आणि ते आणल्याशिवाय माझ्याशी हवापाण्याचंही बोलवत नाही. माझं चुकत असेल.

चुकत नसेल, तर ते मला परत सांग. तुला जड जाईल हे मला समजतं. मी समजावणार नाही. देवाचं नाव घेणार नाही. जेवून घे म्हणणार नाही.

नाही सांगितलंस तरी अनारसे येत राहतील.

बाबा


टेमघर
१९ नोव्हेंबर २००७

दिपाली,

काल आपण बोललो. तू फोनच्या त्या टोकाला होतीस. या टोकाला काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

मोबाईल लावला की मशीन शिट्टी घालतं, म्हणून मी घरचा जुना फोन कानाच्या जरा वर धरतो. आई पहिल्यांदा बोलली आणि मग रिसीव्हर माझ्यापुढे धरला. काही म्हणाली नाही. तिने जाऊन गॅसवरचा कुकर उतरवला, पंखा बंद केला, प्रितमला दाराबाहेर काढून दार ओढून घेतलं. स्वतः मोरीपाशी उभी राहिली, बांगड्या एका हाताने दाबून.

तू "बाबा" म्हणालीस. ते आलं. नंतर बराच वेळ काही नव्हतं आणि मला वाटलं मशीनचा सेल गेला. मग तू सुरू केलंस. सकाळपासून पोटात हालचाल नव्हती, ते आलं. रिक्षाने गेलात, ते आलं. डॉक्टरबाई सोनोग्राफीच्या मशीनकडे बघत होती आणि तुझ्याकडे बघत नव्हती, ते आलं. भाविकराव कागद भरायला खाली गेले होते आणि तू एकटी होतीस. नर्सने मुलगी आहे एवढं सांगितलं आणि बघू नका म्हणाली, ते आलं.

पुढचं वाक्य आलं नाही.

तुझा आवाज खाली गेला, बारीक झाला, आणि मला फक्त एक गुणगुण ऐकू आली. तू थांबलीस. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबलीस, ते मला कळलं. दिपाली, माझ्या जिभेवर "बरं" आलं होतं. इतकी वर्षं ते तिथेच बसून आहे, बोलावायला लागत नाही. तुझ्यासारख्या मुलीला, ते वाक्य बोलून झाल्यावर, परत बोल असं कोण सांगेल? मला वाटलं, जाऊ दे, बाकीचं कळलं आहे. हूं म्हणू. तिला काय कळणार आहे?

तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती पाहत होती.

मी म्हणालो, "बाय, हे मला आलं न्हाय. परत सांग."

 मला वाटलं ठेवलास फोन. रिसीव्हर मशीनला लागून खरखर होत होती, म्हणून मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

मग तू ओरडलीस. शेजारीपाजारी गेलं असेल ते बडोद्याला.

"मी तिला पाहिलं, बाबा! सगळे नको म्हणाले, तरी मी पाहिलं!"

हे तू भाविकरावांना सांगितलं नव्हतंस, आईलाही नाही. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, तू नंतर म्हणालीस. मी देवाचं नाव घेतलं नाही. ठरवलं होतं म्हणून नव्हे, आठवलंच नाही. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती मी विचारली.

"कशी होती?"

आणि तू सांगायला लागलीस.

बाबा